डोळे माझ्यामागे आले

दोष दाजीचा होता. ‘दाजींचा’ म्हणत नाही मी. वडीलधाऱ्यांची गोष्ट सांगताना लोक आधी त्यांचे कष्ट सांगतात, मग पांढरे केस, मग दुखरे गुडघे, आणि दोष वाटेत कुठेतरी सांडून जातो. म्हणून तो आधीच सांगून टाकला. आता निवांत बोलता येईल.

मी आरसा आहे. हातात धरायचा, वीतभर, चौकोनी, लाकडी दांड्याचा. भिंतीवरच्या आरशाला जो थाट असतो तो मला कधीच नव्हता.

माझा जन्म कल्याणला, एका काचवाल्याच्या दुकानात. मोठ्या काचेतून मला कापून काढलं तेव्हा मी नुसतीच काच होतो. सगळं माझ्यातून आरपार जायचं, माझ्यापाशी काही राहायचं नाही. मग पाठीवर पारा चढला आणि जग पहिल्यांदा माझ्यापाशी येऊन थांबलं. काय थांबलं तेही आठवतं. छताचा पंखा, फार सावकाश फिरणारा, आणि त्याच्या पात्यांमधून गळणारा उजेड. मला वाटलं जग म्हणजे एवढंच. पुरेसं वाटलं होतं.

८१ साली तानाजीने मला विकत घेतलं. तानाजीचं नौपाड्यात दोन खुर्च्यांचं सलून होतं. माणूस चाळिशीचा, बोलका, हाताने हलका आणि मनाने भित्रा. केस कापून झाले की तो मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचा आणि म्हणायचा, “बघा.” ते केल्याशिवाय त्याचं काम संपायचंच नाही. दाढी असली तर समोर धरायचा, पण फिरवायचा तसाच. पाच वर्षांत मी हजारो डोकी पाहिली. “नाही, चुकलं” असं जवळजवळ कुणीच म्हटलं नाही. आपण मागून कसे दिसतो हे माणसांना कळून घ्यायचं नसतं. मान डोलावतात आणि उठतात. जितकं वय जास्त, तितकी मान लवकर डोलते.

एकच गिऱ्हाईक खरोखर बघायचं. कान्हा. चेंदणीच्या कोळीवाड्यातला, पंचविशीचा, बर्फाच्या फॅक्टरीत कामाला. तो माझ्यात बघायचा आणि म्हणायचा, “तानाजीशेठ, डावीकडं पायरी राहिली. मी काय ती चढून घरी जाऊ?” मग तानाजी पुन्हा कात्री घ्यायचा.

८६च्या दिवाळीनंतर कळव्याच्या पुलाजवळ एका टेम्पोने कान्हाची सायकल उडवली. पाय मोडला नाही, हात मोडला नाही. सगळा मार डोक्याला.

पुढचं मी मंजुळाच्या तोंडून ऐकलं. मंजुळा त्याची बायको, बावीस वर्षांची. मोठ्या इस्पितळात तो दोन महिने होता. तिथले डॉक्टर त्याच्या नखावर पेन दाबून बघायचे, हाक मारायचे, डोळ्यांत बॅटरी मारायचे आणि कागदावर शुद्धीचा आकडा लिहायचे. आकडा पाचावरून आठावर गेला आणि तिथेच बसला. डोळे उघडले, पण ते कुणावर थांबेनात. नाकात नळी घालून त्याला घरी पाठवलं. निघताना एका डॉक्टरने मंजुळाला सांगितलं, “रोज बघत राहा. काहीही वेगळं दिसलं तर लगेच परत आणा.” हे तिने पाठ करून ठेवलं होतं. घरात बाकी कुणी ते लक्षात ठेवलं नाही.

तानाजी रविवारी सकाळी दाढी करायला घरी जाऊ लागला. पेटीत वस्तरा, तुरटी, साबण आणि मी.

तो पहिला रविवार मला अजून स्वप्नासारखा दिसतो. घर खाडीला लागून. खिडकीतून पाण्याचा उजेड आत यायचा आणि छतावर हलत राहायचा, जणू सगळी खोली पाण्याखाली आहे आणि आम्ही सगळे तळाशी बसलोय. मंजुळाने कान्हाला पाठीला उश्या लावून बसवलं होतं. तानाजीने दाढी केली, टॉवेलने गाल पुसले आणि हात सवयीने पेटीकडे गेला. समोर कोण आहे हे तो विसरलाच. मला कान्हाच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि म्हणाला, “बघा.”

मग मला उजवीकडे नेलं, नेहमीसारखं.

डोळे माझ्यामागे आले.

झोपेतून चालणारा माणूस भिंत चाचपत येतो तसे. अडखळत, मध्येच थांबत, पण आले. मंजुळाच्या हातातलं पातेलं वाकडं झालं आणि पाणी तिच्या पायांवर गेलं. “तानाजीभाऊ,” ती म्हणाली, “परत करा.” तानाजीने मला डावीकडे नेलं. डोळे उशिरा निघाले. निघाले मात्र.

दाजी दारात उभा होता. दाजी कान्हाचा बाप. सगळा कोळीवाडा त्याचा सल्ला घ्यायचा.

“बाबा, ते बघतायत.”

“त्याचे डोले उघडे हायेत, पोरी, पन आत कोन नाय. उगा येड्यावानी करू नको.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, “नि तो आरसा ठेव आधी. आजाऱ्याला आरसा दावत नाय. जीव घाबरतो नि उठून जातो.”

आत कुणी नाही म्हणाला आणि लगेच म्हणाला जीव घाबरेल. जो आत नाहीच, त्याला घाबरायचं काय कारण? घरात एकालाही हे खटकलं नाही, कारण बोलणारा बाप होता. कान्हाची आई भागीरथी तर हात जोडून उभी राहिली.

“तानाजीभाऊ, तुम्ही पाहिलंत ना?” मंजुळाने विचारलं.

तानाजी वस्तरा पुसत राहिला. पुसून झालेला वस्तरा. “मला त्यातलं काय समजतं, वहिनी. मी आपला दाढ्या करणारा.”

त्याने पाहिलं होतं. डोळे निघेपर्यंत त्याने मला डावीकडे धरून ठेवलं होतं, मला कळणार नाही का? मग तो घाईने पेटी आवरून गेला आणि मी तिथेच राहिलो.

मंजुळाने हट्टच धरला म्हणून संध्याकाळी त्र्यंबक डॉक्टरांना बोलावलं. घराण्याचे डॉक्टर, तीस वर्षांची प्रॅक्टिस, चपला न काढता आत येणारे. तोवर कान्हाला अंघोळ घालून झाली होती, बघायला आलेली दहा माणसं त्याच्या कानाशी ओरडून गेली होती आणि तो आडवा पडला होता, दमून, स्वतःच्या खोल तळाशी. डॉक्टरांनी त्याच्यासमोर बोट फिरवलं. बॅटरी फिरवली. डोळे छतावरच.

“डॉक्टर, सकाळी बघतात ते. बसवल्यावर. आणि आरशाकडे.”

“अगं, आरसा काय नि बोट काय, डोळ्याला सगळं सारखंच.”

सारखं नव्हतं. बोटात कुणी नसतं. माझ्यात कान्हा होता.

पण तपासणी तीन मिनिटांत संपली. चहाला मात्र अर्धा तास लागला. चहा पिताना दोघा म्हाताऱ्यांनी ठरवूनही टाकलं. खडवलीला दाजीची थोरली बहीण गंगुबाई एकटी राहते, तिथे कान्हाला ठेवायचं. हवा चांगली, नदी जवळ. मंजुळाने इथेच सासूजवळ राहायचं, कारण सासूला रक्तदाब. हवेचं निमित्त होतं. दारावरून जाणारा प्रत्येक माणूस “कसा आहे पोरगा?” विचारायचा आणि त्याला उत्तर देणं दाजीला नको झालं होतं.

मला दाजीने जुन्या साडीत गुंडाळलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातलं. तानाजी मला मागायला आला नाही. त्याने दुसरा आरसा घेतला असणार.

अंधारात आरसा काय करतो, असं तुम्हाला वाटेल. काही करत नाही. त्याच्यापुढे कुणी येत नाही, एवढंच. वर कुणीतरी चालायचं, भांडी वाजायची, गणपती आले-गेले. सगळं कापडातून ऐकू यायचं, लांबून, पाण्याखालून ऐकू यावं तसं. मी जागा होतो, पण ते कुणाला सांगणार? कधी कधी मला वाटायचं की मी ट्रंकेत नाहीच, खडवलीच्या खोलीत आहे, आणि ट्रंकेत कान्हा आहे. कधी वाटायचं की माझ्यावर पारा चढलाच नव्हता. असे अकरा महिने.

डिसेंबरात ट्रंक उघडली. मंजुळा आपल्या साड्या काढत होती. दाजीने तिच्या भावाला, विठ्ठलला, वसईहून बोलावून घेतलं होतं. पोर तरुण आहे, घेऊन जा, बघा कुठे दुसरं लग्न जमतं का. साडीतून मी तिच्या मांडीवर पडलो. बराच वेळ तिने मला उलटं केलं नाही. माझ्या पाठीवरूनच हात फिरवत बसली.

मग पिशवी भरली, वर मला ठेवलं आणि बाहेर जाऊन म्हणाली, “दादा, तू हो पुढे. मला एका माणसाला विचारून यायचंय.”

“कोणाला?”

“ज्याची बायको न्यायला आलायस त्याला.”

दाजी बोलला बरंच, पण तोवर ती स्टेशनच्या रस्त्याला लागली होती.

खडवलीच्या खोलीला खिडकी होती, पण कान्हाचं तोंड भिंतीकडे होतं. गंगुबाईला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही. नळीतून वेळच्या वेळी दूध घालायची, पाठ पुसायची. पण एखादं रोप जगवावं तसं. त्याच्याशी बोलायची नाही, त्याच्यावरून बोलायची.

“कशाला आलीस बाय? मेल्यात जमा हाय तो.”

मंजुळाने त्याला उचलून बसवलं. किती हलका झाला होता. मला समोर धरलं. उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. काही नाही. डोळे माझ्यातून आरपार गेले, जणू मी पुन्हा नुसती काच. तिचा हात खाली आला.

माझ्यात तेव्हा काय होतं ते मीच सांगू शकतो. छातीपर्यंत दाढी, कपाळावर जटा, गालफडं बसलेला एक अनोळखी माणूस. त्याला कान्हाने जन्मात पाहिलं नव्हतं. तो कशाला त्याच्यामागे डोळे फिरवील?

मंजुळाही बघत राहिली, मग एकदम उठली. “आत्या, कात्री आहे? आणि ब्लेड?”

“आता कोन बघनार हाय त्याला?”

“तेच बघतील.”

तिला दाढी करता येत नव्हती. दोन ठिकाणी कापलं, साबण त्याच्या कानात गेला, एका बाजूची मिशी अर्धीच राहिली. तानाजीने बघितलं असतं तर डोळे मिटले असते. पण साबणाखालून हळूहळू, चिखलातून शिंपला वर यावा तसा, ओळखीचा चेहरा वर आला. दुपारचं ऊन खोलीत तिरपं आलं होतं. तिने मला पुन्हा धरलं आणि तानाजीसारखंच म्हणाली, “बघा.”

डोळे आले. डावीकडे आले, उजवीकडे आले, आणि मी थांबलो तिथे थांबले. थांबून राहिले.

गंगुबाई भांडं हातात घेऊन बघत होती. “आगं बाय,” एवढंच म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली.

त्याच आठवड्यात मंजुळाने त्याला कल्याणच्या इस्पितळात आणलं. तिथे सुमती नावाची तरुण डॉक्टर होती. तिने टेबलाआडून काही ठरवलं नाही. “कधी बघतात? किती वेळ? बसवल्यावर की झोपवल्यावर?” असं मंजुळालाच विचारलं आणि लिहून घेतलं. आठ दिवस ती सकाळीही आली आणि दुपारीही. रेडिओ बंद करायची, एकच सूचना द्यायची, “कान्हा, डोळे मिटा,” आणि मग थांबायची. किती थांबायची. सहाव्या दिवशी डोळे मिटले, सांगितल्यावर. पुढे एकदा मिटले की हो आणि दोनदा मिटले की नाही, असं ठरलं. ते पक्कं व्हायला उन्हाळा उजाडला.

मे महिन्यात दाजी भेटायला आला. खुर्चीत बसला, आंबे आणल्याचं सांगितलं. मंजुळाने त्याच्यासमोरच नवऱ्याला विचारलं, “त्या पहिल्या रविवारी घरी तानाजीभाऊंनी आरसा धरला, तेव्हा दिसत होतं तुम्हाला?”

डोळे एकदा मिटले.

“बाबा जे बोलले ते ऐकू आलं?”

एकदा.

दाजी उठून खिडकीशी गेला. “पानी द्या कोनीतरी,” म्हणाला. कुणी हललं नाही. मग तो स्वतःच माठाकडे गेला, आणि पेला भरून तसाच ठेवून निघून गेला.

आता ९६ साल आहे. कान्हा आणि मंजुळा वर्तकनगरला एका खोलीत राहतात. ती शिवणकाम करते. तो चाकाच्या खुर्चीत बसतो, तोंडाने खातो, आणि सकाळच्या वेळी पाच-सहा शब्द बोलतो. त्यातला एक चावट आहे, तो तिच्यासाठीच. माझ्या कडांचा पारा उडालाय, कडेने बघितलं तर जग पुन्हा आरपार जातं. मधला भाग अजून धरून आहे. तो गेला की मी पुन्हा काच होईन. त्याची भीती वाटत नाही.

जाण्याआधी एक मागणं. तुमच्या घरी असा कुणी उघड्या डोळ्यांनी पडला असेल तर त्याच्यावरून बोलू नका, त्याच्याशी बोला. सकाळी बसवा, दाढी करा, केस विंचरा, त्याला त्याचा चेहरा दाखवा. हाक मारा आणि थांबा. उत्तर फार लांबून चालत येत असतं. आणि घरातला मोठा माणूस आत कुणी नाही म्हणाला, तर त्याला तिथेच सांगा, ‘ते तुम्हाला माहीत नाही.’

खडवलीत कान्हाचे हात रोज उघडून, ताणून ठेवायला हवे होते. ते कुणी केलं नाही. अकरा महिन्यांत त्याच्या दोन्ही हातांची बोटं तळव्यांत आखडली. ती परत उघडली नाहीत.