दोनदा थोपटलं

सत्त्याण्णव साली गोरक्षरावांच्या डोक्यात मेळाव्याचं खूळ शिरलं. गोरक्षराव म्हणजे माझे यजमान. शेवगावात बसस्टँडजवळ त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. लोक सिनेमे न्यायचे आणि हे स्वतः दुकानात बसून परदेशातल्या पिंजऱ्यातल्या लढती बघायचे. त्यात कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग सगळं एकदम चालतं. त्या लढतींची एकच कॅसेट होती, ती इतकी घासली होती, की पडद्यावर माणसांपेक्षा रेघाच जास्त दिसायच्या. तरी पुणतांब्यापासून नगरपर्यंत यांच्यासारखे वेडे निघाले आणि मंगल कार्यालयाच्या दारावर फलक लागला : 'मिश्र झुंज शौकीन मेळावा'.

मी मनातून धुमसत होते, ते माझ्या मामांसाठी, पुंजाराम वस्तादांसाठी. पन्नाशी उलटली तरी रोज पहाटे तालीम झाडायचे. आखाड्यातली तांबडी माती त्यांनी तेल, हळद, ताक घालून पोसली होती. स्वतःची पोरं नव्हती, जे काही होतं ते ती माती. पण पोरं हल्ली येईनाशी झाली होती. त्यांना पिंजऱ्यातलं हवं होतं. तालमीच्या ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी नगरच्या ज्युदो शिकवणाऱ्या प्रशांतला बोलावलं होतं. माती उपसायची, फरशी घालायची, गाद्या टाकायच्या, असा बेत होता. मामा अडून बसले, तेव्हा आप्पासाहेबांनी तोडगा काढला. मेळाव्यात दोघांची लढत लावायची, आणि जिंकेल त्याच्या हातात तालमीची किल्ली.

"मामा, तुमी नाही म्हना," मी सांगून पाहिलं.

"पोरी, लढायला न्हाई म्हनायचं मला कुनी शिकवलंच न्हाई," ते म्हणाले.

मेळाव्याच्या दिवशी हॉल गच्च भरला. आधी कॅसेट लावली. पडद्यावर एक आडदांड गडी दुसऱ्याला पाठीवर पाडून वर बसला. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खालच्याने पायांत पकडून वरच्याचा गळा आवळला आणि तोच जिंकला. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. गोरक्षराव मात्र असे खूश, की खालचा गडी जणू यांचाच चुलतभाऊ.

मग माइकवर यांनी नेम सांगितला. या लढतीत पाठ टेकली तरी खेळ चालू. हार कबूल असेल तर समोरच्याला हाताने दोनदा थोपटायचं, की पंच शिट्टी मारणार. पंच अर्थातच हे. ठोसे मारायचे नाहीत, ही अट प्रशांतने स्वतःच घातली होती, मामांचं वय बघून. पोरगा गुणी होता. त्यामुळे त्याच्यावर मनासारखं रागावताही येईना.

हलगीवाल्या रखमाजीने हलगी घेतली, लढत लागली. मामा गादीवर उतरले आणि मला एकदम माझ्या लहानपणचे मामा दिसले. किती वेळ नुसती हातांची झोंबाझोंबी चालली. प्रशांत चपळ, पण मामांचे पाय हलतच नव्हते. मग त्यांनी काखेतून हात घालून ढाकेचा डाव टाकला, आणि प्रशांत हवेतून फिरून पाठीवर आला. गादीचा आवाज हॉलभर झाला. रखमाजीने सवयीने विजयाची हलगी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि मामांनीही सवयीनेच पकड सैल केली. चितपट झालेल्या गड्याला ते कधी दाबून धरत नसत. तेवढ्यात प्रशांतने खालून त्यांचा हात धरला, पाय त्यांच्या मानेवरून टाकला आणि कोपर ताणलं. हलगी थांबली. मामा अडकले. त्यांनी ओढून पाहिलं, वळून पाहिलं. मग मान वाकडी करून ती पकड नीट न्याहाळली, कुठं काय गुंतलंय ते. त्यांच्या तोंडावर हसू आलं. मोकळ्या हाताने त्यांनी प्रशांतच्या मांडीवर थोपटलं. एकदा, दोनदा.

गोरक्षरावांनी शिट्टी मारली.

मी बायकांच्या रांगेतून उठून थेट गादीपाशी गेले. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ती शाबासकी होती. चांगला डाव पडला की मामा सगळ्यांनाच थोपटतात, आखाड्यात जन्म गेला त्यांचा."

हॉलमध्ये गलका झाला. कुणी म्हणे लढत पुन्हा लावा. प्रशांत स्वतःच गोंधळून उभा होता. आप्पासाहेबांनी माइक मामांपुढे धरला. "वस्ताद, तुमीच सांगा. हार मानली का शाबासकी दिली?"

एका शब्दाचं काम होतं. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"शाबासकी दिली," मामा म्हणाले. "लई देखना डाव हुता." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मामांनी हात वर करून त्या थांबवल्या. "पन नेम मी ऐकला हुता, अन् थोपटलं बी दोनदाच. हात ऐकत न्हाई, तो माजा दोष. नेम मोडून माती राखायची न्हाई मला. किल्ली त्येला द्या."

मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्यावर तितकाच रागही आला. घरी गोरक्षराव जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

सकाळी मामा त्यांचे मुद्गल आणायला तालमीत निघाले, तेव्हा आम्ही दोघं सोबत गेलो. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबले. आत प्रशांत आधीच आला होता. अनवाणी, लंगोट लावलेला, हातात नारळ. आखाड्याच्या काठावर उभा होता, मातीत उतरला नव्हता.

"वस्ताद," तो म्हणाला, "काल मी कसा उडालो ते रात्रभर विचार करूनही कळलं नाही. मला ती ढाक शिकवा." नारळ मामांच्या पायाशी ठेवून त्याने किल्ली पुढे केली. "गाद्या बाहेरच्या पडवीत घालू. माती हलवायची नाही. किल्ली मी जिंकली, म्हणजे माझंच चालणार ना?"

चिमूटभर माती मामांनी स्वतःच्या कपाळाला लावली, मग त्याच्या. नंतर त्याला उचलून आपटलं, पुन्हा आपटलं, कुठं चुकतं ते सांगितलं. शेवटी प्रशांतने ढाक लावली आणि मामा पाठीवर पडले, तांबड्या मातीत, धप्पकन.

पडल्यापडल्याच त्यांनी हात वर केला आणि प्रशांतच्या खांद्यावर थोपटलं. दोनदा.

गोरक्षरावांचा हात कालपासून गळ्यातच असलेल्या शिट्टीकडे गेला. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात खाली आला.