काठाची रांग

तनुजाने जुन्या लुगड्याची चिंधी दातांनी फाडली आणि पाटाच्या कडेच्या झाडावरल्या सर्वांत टपोऱ्या वांग्याच्या देठाला बांधली. चिंधी बांधलेलं वांगं बियाण्याचं. ते तोडायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, ही इंझोरीच्या या मळ्याची रीत. लहानपणी तिचे वडील पुंजाजी बोट दाखवायचे आणि ती बांधायची. आज पहिल्यांदा तिनेच वांगं निवडलं होतं, पण लक्ष सगळं फोनकडे. गावी येऊन चार दिवस झाले, तरी तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. ताटावरूनसुद्धा दोनदा उठायची. पोटात दुखतं का, असं आईने विचारूनही झालं होतं.

पोटात काही नव्हतं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून तिचा शोधनिबंध संध्याकाळी नियतकालिकाकडे जायचा होता, आणि त्यासाठी तिने 'पाठवा' एवढंच कळवायचं होतं. कायमची नोकरी त्याच निबंधावर अडली होती. पानांत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, झाडाची अन्न बनवण्याची यंत्रणा जागी ठेवणारं. पारा चाळिशीच्या वर गेला की ते हात टेकतं. तनुजाने त्याच्या जनुकात हजारो बारीक बदल केले, ती रूपं जिवाणूंमध्ये वाढवली, शहाण्णव खळग्यांच्या तबकड्यांत भरून तापवली, आणि जो खळगा सर्वांत जास्त चमकला, म्हणजे ज्यातलं विकर उष्णतेत टिकलं, त्यातलं रूप पुढच्या फेरीला घेतलं. पुन्हा बदल, पुन्हा निवड. तीन वर्षांत अशा सहा फेऱ्या. निसर्गाला युगं लागली असती ते काम आपण उरकलं, असं तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, तेव्हा पुंजाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणजे तूही बियाणंच निवडतेस, एवढंच ते म्हणाले. तिला ते जरा झोंबलं होतं.

पुंजाजी वाफ्यातून आले, वाकले आणि त्यांनी चिंधी सोडली.

"काहून सोडली, बाबा? समद्यात चांगलं तेच तं हाय."

"चांगलं हाय, पन काठाचं हाय. त्याले पाटाचं पानी जास्त भेटते, मोकळं ऊन भेटते. तो जागेचा गुन हाय, झाडाचा नाई. बियाण्याले मधातलं झाड पाह्यजे."

ते चिंधी घेऊन आतल्या सरीत शिरलेही. तनुजा तिथेच उभी राहिली. तबकडीच्या काठचे खळगे तापवताना लवकर सुकतात. द्रव आटून दाट होतो आणि चमक उगाचच वाढते. नव्या मुलांना हे तीच शिकवायची. काठाच्या रांगेत नमुने भरू नका, नुसतं पाणी भरा, असं दहादा बजावायची. स्वतःच्या वेळी मात्र तबकड्या कमी पडत, प्रयोगशाळेच्या सरांची घाई असे, आणि ती काठही भरून टाकायची. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून.

तिने प्रयोगशाळेतल्या रुचिकाला फोन लावला. दोघींनी मिळून या फेऱ्या केल्या होत्या. नोंदवही काढायला सांगून तनुजाने एकेका फेरीतलं निवडलेलं रूप कुठल्या खळग्यातलं, ते विचारलं. रुचिका वाचत गेली. पहिली फेरी, काठ. दुसरी, काठ. तिसरी तेवढी मधली. पुढच्या तिन्ही काठाच्या. तनुजा बांधावरून इकडून तिकडे फिरत ऐकत होती. शेवटच्या पडताळणीचंही तिने विचारलं. नवं विकर काठाला होतं आणि तुलनेसाठीचं मूळ विकर मध्ये.

तनुजाला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. पुन्हा तीन वर्षं. तोवर ती जागा कुणी मोकळी ठेवणार नव्हतं.

"निबंध थांबव," ती म्हणाली. "सरांना मी सांगते."

पलीकडे नोंदवही मिटल्याचा आवाज आला.

"मी बोलणार होते गं, मागच्या वर्षीच," रुचिका म्हणाली. "पण मला वाटलं, तुला माहीत असेल."

तनुजा चालता चालता थांबली.

"माहीत होतं," ती म्हणाली.