एका पाकिटाचे वाटेकरी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावरील थंड खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात माझा मुक्काम असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी कॅमेऱ्यात दिसणारे चित्र डॉक्टरकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गांपर्यंत पोहोचवणे हे माझे काम. चित्राचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा पाकिटात घालायचा, त्यावर पत्ता टाकायचा आणि तारेवरून रवाना करायचा.

सुरुवातीला बघणारे मोजकेच होते. प्रत्येकासाठी मी वेगळी पाकिटे भरत असे. "एकटा सगळं ओढतो बघ!" असे माझी देखभाल करणारी तंत्रज्ञ ताई म्हणायची. ते ऐकून माझा पंखासुद्धा सुरात फिरायचा.

मग वर्ग वाढले. चित्र तेच, पण जितके बघणारे तितक्या प्रती! तार तुंबू लागली. पडद्यावर सर्जनबाईंचा हात मध्येच थिजायचा आणि विद्यार्थी ओरडायचे, "अडकलं परत!"

शेवटी ताईने माझ्या वरच्या खणात एक नवा स्विच आणून बसवला; दिव्याचे बटण नव्हे, तारांवरून पाकिटे वाटणारी पेटी. सडपातळ, चकचकीत. आता मी प्रत्येक पाकीट एकदाच पाठवायचे. ज्यांनी मागितले, त्यांनाच तो त्याच्या प्रती करून वाटायचा. चित्र पाण्यासारखे वाहू लागले. "नवा आला आणि जादू झाली!" जो तो म्हणू लागला. पाकिटे भरायची मी आणि शाबासकी लाटायची त्याने? मी तापलो, की ताईला वाटे पंखा बिघडला. तिला कसे सांगणार, की बाई गं, हा जळफळाट आहे!

एके सकाळी सर्जनबाई एका लहान मुलीच्या हृदयावर अवघड शस्त्रक्रिया करत होत्या. त्यांचे म्हातारे सर दुसऱ्या गावी बसून तेच चित्र बघत होते आणि फोनवरून सल्ला देत होते. ऐन वेळी चित्र गेले.

"सर, टाका इथे घेऊ का?" बाईंनी विचारले.

"थांब! मला काही दिसत नाहीये."

"तो जुना डबाच बसला असणार," कुणीतरी म्हणाले.

मी तर धडधाकट होतो! कुणीतरी रिकामी खोकी कपाटाच्या वरच्या खणाला टेकवून ठेवली होती आणि त्यामुळे स्विचचा श्वास कोंडून तो तापून बंद पडला होता. लाडक्याची फजिती बघून मला गुदगुल्या झाल्या. पण माझी पाकिटेही दारातच अडली होती, आणि वर त्या पोरीचे हृदय उघडे होते.

ताई धावत आली. तिने खोकी भिरकावली, बाहेरगावची तार स्विचमधून उपटली आणि सरळ मला जोडली. "म्हाताऱ्या, एकट्या सरांना पोचव रे!"

मी जीव तोडून पाकिटे भरली.

"दिसलं! थोडं डावीकडे घे," सर म्हणाले.

मुलगी वाचली. स्विचही निवल्यावर सुरू झाला. संध्याकाळी सर्जनबाई मुद्दाम आमच्या खोलीत आल्या. "हाच का तो?" असे म्हणत त्यांनी मायेने हात फिरवला, तो स्विचवर! ताई खोकी टाकायला गेली होती. खरे सांगायला तिथे कुणीच नव्हते.

मित्रांनो, यंत्राला टेकवून सामान ठेवू नका; आम्हालाही मोकळी हवा लागते. आणि नव्याचे कौतुक जरूर करा, पण करण्याआधी एकदा खाली वाकून बघा.