चाळीस मिनिटं घोटणे

थर्माकोलच्या डब्याचं झाकण मी सकाळपासून चौथ्यांदा उघडलं. आत पंधरा वॅटचा बल्ब, एक थर्मामीटर आणि जंतू असतील तर उगवून दाखवणारी अगारची जेली ओतलेल्या सहा काचेच्या ताटल्या. झाकण उघडलं की तापमान दोन अंशांनी उतरतं. हे मीच वहीत लिहून ठेवलं होतं, तरी हात थांबत नव्हता.

"काऊन वं भार्गवी, दर घंट्याले पाह्यल्यानं लवकर उगोते काय ते?" पातेलं घासता घासता वच्छलामावशी म्हणाल्या. "गाभण म्हशीपाशी बी कोणी इतकं बसत नाही."

"उगवू नये म्हणूनच पाहते मावशी."

"मंग तं झाकून ठेव. दिसलं नाही म्हंजे उगोलं नाही."

चिखलीत संजीवनीताईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही मलम बनवतो. कापूस वेचताना बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या कडांत घुसतात, कातडी फाटते आणि थंडीत ती भेग मिटत नाही. या बोटांसाठी मलम. करडईचं तेल, मेण, ग्लिसरीन, पाणी, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं मेणासारखंच एक द्रव्य आणि शेवटी जंतू वाढू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह. कृती माझी आहे. एम.एस्सी. झाल्यावर पुण्याला न जाता मी इथे थांबले ती या कृतीसाठीच.

जूनमधली पहिली बॅच अजून चांगली आहे. दुसरी नव्वद दिवसांनी पातळ झाली आणि आंबूस वास मारू लागली. तिसरी बावन्न दिवसांनी. चौथी एकतीस. पाचवी सोळाव्या दिवशी, म्हणजे परवा. पण तिच्या चाळीस डब्या त्याआधीच मोताळ्याच्या बाजारात विकून झाल्या होत्या. उघड्या जखमेवर जंतूंनी भरलेलं मलम लावलं तर काय होतं, ते मला पुस्तकातून माहीत होतं. कोणत्या बाईच्या कोणत्या बोटावर ते होत असेल, हे माहीत नव्हतं. बाजार पुन्हा तीन दिवसांवर होता आणि सहाव्या बॅचच्या ऐंशी डब्या खोक्यात बांधून तयार होत्या. त्यांना अजून वास नव्हता.

"हे शेवटचं," संजीवनीताई म्हणाल्या होत्या. "सहावीही नासली तर मलम बंद. आपण उदबत्त्या करू. उदबत्ती नासत नाही."

मी पाणी बदललं होतं. डब्या आणि भांडी उकळली होती. प्रिझर्व्हेटिव्ह दुसऱ्या दुकानातून मागवलं, आम्लता रोज मोजली. सगळं जागच्या जागी होतं.

दुपारी ताटल्या काढल्या. पहिल्या बॅचच्या दोन्ही कोऱ्या होत्या. सहावीच्या चारही ताटल्यांवर पिवळसर ठिपके होते, इतके जवळजवळ की मोजता येईनात. ठिपके सगळे सारखे, एकाच जातीचे.

मी वहीतले आकडे एकाखाली एक लिहिले. नव्वद, बावन्न, एकतीस, सोळा. पाणी खराब असतं तर आकडे कसेही वरखाली झाले असते. हे आकडे फक्त उतरत होते. म्हणजे एका बॅचमध्ये प्रिझर्व्हेटिव्हला पुरून उरलेले जंतू पुढच्या बॅचमध्ये जात होते आणि प्रत्येक वेळी अधिक चिवट होत होते. पण जात कसे होते? भांडी तर उकळलेली होती.

"मावशी, आता एक लहान बॅच लावू. मी जागची हलणार नाही. तुम्ही रोजच्यासारखं करा."

"परीक्षा हाय का माही?"

"माझी आहे."

त्यांनी तेल-मेण वितळवलं, गरम पाणी धारेनं सोडलं, घोटायला घेतलं. चाळीस मिनिटं, माझ्या कृतीप्रमाणे. मलम कोमट झाल्यावर मी मोजून प्रिझर्व्हेटिव्ह घातलं. एरवी यानंतर मी नळावर काचकांडी धुवायला जाते. आज गेले नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, मग पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली आणि दोन चमचे काहीतरी पातेल्यात सोडून तोंडातून शब्द न काढता ढवळलं.

"मावशी! काय टाकलं?"

त्यांनी आधी पातेल्यावर झाकण ठेवलं, मग बोलल्या. "विरजण."

"कसलं विरजण?"

"मागच्या मलमाचं. चमचाभर टाकतो, आता थंडी हाय म्हून दोन."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपीपासून. तुले आठोत नाही? पाण्यावानी पातळ राह्यलं होतं आन् तू त्या कोपऱ्यात रडून राह्यली होती. म्या घरून दह्याच्या विरजणाची डबी आणली, तिच्यात पहिल्या मलमातलं घेऊन चमचाभर सोडलं. सकाळी पाह्यलं तं दगडावानी घट्ट. आख्खी गल्ली दह्याचं विरजण माह्याकडून नेते बाई, उगाच नाही."

"पण मला सांगितलं का नाही?"

"विरजण टाकताना बोलू नाही. दही फिसकटते." मग माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "काऊन, काय झालं?"

मी ताटल्या दाखवल्या. दह्यात आपल्याला जंतू हवेच असतात, मलमात एकही नको, एवढंच सांगितलं. त्या ठिपक्यांवर वाकल्या. "माह्या डबीतले हे?" हात पदराला पुसत त्यांनी विचारलं. मी वही ओढून घेतली.

दुसऱ्या खेपेचं पान उघडलं. बारा जुलै, माझं अक्षर: 'संध्याकाळी पातळ. घोटण्याचा वेळ पंधरावरून चाळीस मिनिटं केला. सकाळी घट्ट. निष्कर्ष: घोटणं कमी पडत होतं.' खाली दोन रेघा. त्या दिवशी मावशींनी एक गोष्ट बदलली आणि मी दुसरी. सकाळी मलम घट्ट झालं आणि दोघींनी आपापलं श्रेय घेऊन टाकलं. फरक एवढाच की माझं शाईनं लिहिलेलं होतं. त्यावर चार बॅचेस मावशींचा खांदा भरून येत होता.

तीन छोटी पातेली मांडली. एकात विरजण, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात विरजणही नाही आणि घोटणंही पंधराच मिनिटं.

"हे घट्ट होणार नाही," तिसऱ्याकडे बोट दाखवत मावशी म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी मावशी माझ्याआधी आल्या होत्या. कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन त्यांनी तिन्ही पातेल्यांत एकेक चमचा उभा केला. तिन्ही चमचे उभे राहिले. तेल-पाणी धरून ठेवणाऱ्या त्या द्रव्याला घट्ट व्हायला फक्त एक रात्र लागत होती.

"म्हंजे तुहं चाळीस मिनिटं बी?"

"तेही."

"दोघी बी उगाच घाम गाळून राह्यलो." त्या हसल्या नाहीत.

संजीवनीताई आल्या तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. विरजणाची गोष्ट त्यांनी कपाळाला हात लावून ऐकली आणि मावशींकडे वळल्या. "वच्छला, इतकी वर्षं सोबत काम करून तू..."

"ताई, आधी हे पान वाचा," मी म्हणाले. "काय घालायचं ते मी लिहिलं. याशिवाय काही घालू नये, हे लिहिलं नाही. आणि या दोन रेघा माझ्या आहेत."

ताईंनी पान दोनदा वाचलं. "ऐंशीच्या ऐंशी फेकायच्या?"

"हो. आणि विकलेल्या चाळीस परत मागायच्या."

"बाजारात? सगळ्यांसमोर?"

"म्या जातो," वच्छलामावशी म्हणाल्या. "तिकडल्या बाया मले ओळखतात."

बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो, मांडीवर रिकामं खोकं. विरजण नसलेल्या मलमाच्या ताटल्या घरी थर्माकोलच्या डब्यात होत्या, अजून एक दिवस बाकी होता. बुलडाणा येईपर्यंत मी तिसऱ्यांदा म्हटलं, "मागे कोणी झाकण उघडणार नाही ना?"

"तू इथं हायेस. कोण उघडते?"

मोताळ्यात भाजीच्या रांगेशी पहिली बाई भेटली. "बोट बरं झालं व मावशी, डबी काऊन वापस मागता?"

"नासली. माह्या हातानं नासली," मावशी म्हणाल्या. "दे इकडं. नवी देऊ, पण तपासून."

बाईनं कमरेच्या पिशवीतून डबी काढली. मी तिचा हात धरला. अंगठ्याची भेग मिटली होती. शेजारच्या बोटाच्या नखाची कड मात्र लाल होती, दाबल्यावर तिनं हात मागे घेतला.

"हे कधीपासून?"

"झाले दोन-तीन रोज. बोंडाचं असन."

बोंडाचं असेल किंवा आमचं. पाहून सांगता येण्यासारखं नव्हतं. "आजच सरकारी दवाखान्यात दाखवा," मी म्हणाले. मग वहीत तिचं नाव, बोट आणि दिवस लिहिला, निष्कर्षाची जागा कोरी सोडली. मावशी तोवर पुढच्या बाईला हाक मारत होत्या. अजून एकोणचाळीस हात पाहायचे होते.