मुरबाडचा दर जुलैतला ताप

१९ जून २०२५, गुरुवार. तीन दिवसांच्या संततधारेनंतर आज उघडीप. खिडकीतून ऊन थेट माझ्या पाठीवर आलं आहे.

मी मुरबाडच्या पंपांच्या कारखान्यातलं बैठकीचं टेबल बोलतोय. एरवी मी ऐकतो. आज मात्र मन भरून आलं आहे.

माझा जन्म आमच्या उद्योगसमूहाच्याच प्लायवूडच्या कारखान्यात झाला. कापडगिरणी, प्लायवूड, पंप, लोणची, असा सगळा पसारा एकाच मालकाचा. मुंबईच्या मुख्य कचेरीत मला मानाची जागा मिळाली. माझ्या एका टोकाला मोठे शेठ बसत. गिरणीतून वर आलेला माणूस. आवाज करडा, पण कामगारांची काळजी खरी. सगळ्या कारखान्यांची वार्षिक दुरुस्ती काम बंद ठेवून दिवाळीतच, हा नियम त्यांचाच. गिरणीला तो चपखल बसे, कारण सणाचा माल तोवर बाजारात गेलेला असे. इतर कारखान्यांचे प्रमुख वर माना डोलवत आणि खाली अस्वस्थपणे पाय हलवत. पाय फक्त मलाच दिसत.

शेठ गेले, नियम तसाच राहिला, कचेरीत काचेचं टेबल आलं आणि माझी रवानगी इकडे झाली. बराच काळ गोदामात होतो, अंगावर खोकी, पायांत कोळिष्टकं. इथले व्यवस्थापक ज्ञानेश्वर गोजर यांनी मला बाहेर काढून स्वतः फडक्यानं पुसलं. त्यांचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

दर जुलैत इथे शुकशुकाट होई. सगळे कामगार भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, आपापल्या शेतात. पण नियमानं बंद फक्त दिवाळीत, म्हणून गोजरसाहेब माझ्यावर कोपर टेकून मुंबईला फोनवर सांगत, "तापाची साथ आहे, साहेब." मुंबईनं काळजीनं डास मारायचं धुराचं मशीन पाठवलं. पुढच्या वर्षी डॉक्टर पाठवले. त्यांना तपासायला वॉचमन काळूराम तेवढा सापडला. टॉनिक त्यालाच मिळालं.

ही गंमत यंदा अंगाशी आली. मुरबाडची माणसं आजारी, काम रखडतं, तेव्हा कारखाना दुसऱ्या राज्यात हलवावा, असा प्रस्ताव निघाला. समूहाच्या नव्या प्रमुख निशिगंधा मॅडम आज त्याचा निर्णय घ्यायला आल्या. टोकाची खुर्ची सोडून त्या मधे बसल्या आणि जुळणी विभागाच्या भागीरथीताईंना त्यांनी समोर बसवलं.

"ताई, दर जुलैत एवढा ताप येतो कुठून?"

"ताप? कुणाला?" ताई गोजरसाहेबांकडे वळल्या. "ज्ञानूदादा, तुमी अजून तापच सांगता? मॅडम, ताप नाय न् काय नाय. आमी आवणीला जातो. हे दादा पन वैशाखऱ्याला आपल्या शेतात चिखलातच आसतात!"

गोजरसाहेब कानापर्यंत लाल झाले. "अगो, जरा हळू..."

"हळू काय? कारखाना गेल्यावर बोलू?"

"गोजर, खरं का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"शेठजींच्या नियमाला नाही कसं म्हणायचं? कुणीच म्हणत नव्हतं."

मॅडम गोजरसाहेबांकडे झुकल्या. "पावसात शेतीचे पंप कोण घेतं?"

"कुणीच नाही. मागणी दिवाळीनंतर चढते."

"आणि नेमक्या दिवाळीत आपण मशीन उघडून बसतो! कापडाचा नियम आपण पंपाला लावला. ताई, दिवाळीत कामाला याल? तेव्हा कापणी असते ना?"

"कापणी घरातले पाळीपाळीनं उरकतात. आवणीला सगळेच हात लागतात, रोप थांबत नाय. लक्ष्मीपूजन न् भाऊबीज तेवढी सोडा."

"सोडली. सुरक्षेचे आणि दर्जाचे नियम सगळ्या समूहाला एकच राहतील. कारखाना बंद कधी ठेवायचा, हे ज्या त्या कारखान्यानं ठरवावं. मात्र मला खरं कळवायचं."

"कळवतो," गोजरसाहेब म्हणाले. या वेळी त्यांचे पाय स्थिर होते.

शेठनी मला मान दिला, गोजरसाहेबांनी पुन्हा उभं केलं, भागीरथीताईंनी माझ्यासमोर खरं बोलून दाखवलं. सगळ्यांचाच मी ऋणी आहे. माझ्यासारख्या लांब टेबलांशी बसणाऱ्यांनो, समोरच्याला बोलू द्या, एवढंच मागणं.

बैठक दुपारी संपली. कारखाना हलवण्याचा प्रस्ताव रद्द झाला. मुरबाडची वार्षिक दुरुस्ती ५ ते २० जुलै. दिवाळीत कारखाना चालू. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीजेला सुट्टी. कापडगिरणीची दुरुस्ती दिवाळीतच.