एका ताऱ्याचा एसी आणि सकवारबाईंचे वडाम

चेन्नईच्या उन्हाबद्दल मी काही सांगायला लागलो की आमची विद्युलता आतून खाकरते. खाकरू दे. बायकोच्या खाकरण्याला घाबरून मी खरं बोलायचं सोडणार नाही. २००८ सालच्या मे महिन्यात अण्णा नगरात असं ऊन होतं की आमच्या गल्लीतले कावळे दुपारी उडायचं सोडून बसस्टॉपच्या सावलीत रांगेने उभे राहत. बस आली की ते चढत असत, असं मी म्हणत नाही. पण एका कंडक्टरने त्यांच्याकडे बघून शिट्टी मारली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेमधल्या या होरपळीला इथे अग्निनक्षत्र म्हणतात. बाकी सगळे त्या दिवसांत घामाने विरघळतात. आमच्या समोरच्या दारातल्या सकवारबाईंना मात्र तो सण वाटायचा. सकवारबाई तंजावरच्या. त्यांचे पूर्वज म्हणे राजांबरोबर तिकडे गेले आणि जेवण आवडलं म्हणून राहिले. बाई ऐंशीच्या घरात, अंगाने काडी, आणि मराठी अशी बोलायच्या की वाटावं, एखादा जुना ताम्रपट तोंड उघडून बोलतोय आणि मधूनच त्याला तमिळ उचकी लागतेय.

अग्निनक्षत्र लागलं की गच्चीवर त्यांचे वडाम पडायचे. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांचे मद्रासी चुलतभाऊ. तांदळाचं पीठ शिजवायचं, त्यात मिरची आणि लिंबू घालायचं, साच्यातून जुन्या वेष्टीवर, म्हणजे इथल्या धोतरावर, पाडायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. मग अख्ख्या इमारतीत डबे जायचे. ज्या घरी डबा गेला नाही, ते घर समजून जायचं की वर्षभरात आपलं काहीतरी चुकलंय.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी सकवारबाईंना गच्चीवर भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, ऊन बंद, गच्ची बंद, थंड खोलीत बसायचं. त्यांनी डॉक्टरांना जिना उतरू दिला. मग मुलाला म्हणाल्या, "गुरुमूर्ती, मजला तंजावरास धाड. तेथे भाच्याचे अंगण आहे, वेय्यिल आहे. येथे मी काय टीव्ही पाहात बसू?"

"अम्मा, ऊन तिथेही तेच. पुन्हा भोवळ येईल."

"येऊ दे. अंगणात येईल. वडाम नाहीत त्या घरी माझे काम काय? पौर्णिमेपर्यंत पाहीन. मग तिकीट काढ."

हे ऐकून सून वसंता पदराने डोळे पुसायला लागली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या मागे मागे फिरायची. या सासूसुना कधी भांडत नाहीत म्हणून इमारतीतल्या बायका त्या घरावर जरा नाराजच असायच्या. सकवारबाई गेल्या असत्या तर वसंताचं घर रिकामं झालं असतं. गुरुमूर्तीराव बँकेतले, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, एसी घेतो. आणि सल्ला घ्यायला माझ्याकडे आले, कारण पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात एसी डबे बनवण्यात माझं आयुष्य गेलेलं, आणि आमच्या घरी पाच ताऱ्यांचा एसी तेव्हाच बसलेला.

त्यांना मी सगळं नीट सांगितलं. म्हटलं, "राव, हल्ली यंत्रावर ताऱ्यांचा कागद चिकटवतात. तारे जास्त म्हणजे वीज कमी. थंडी दोन्हीकडे तेवढीच."

इथवर ठीक होतं. पण वसंताने समोरून आणून दिलेली कॉफी फार छान होती, म्हणून मी त्यांना आमच्या रंगाची शिंकही सांगितली. रंगा हा आमच्या खात्यातला फिटर. चाचणीच्या दिवशी एसी डब्यात शिंकला, तर ती शिंक हवेतच गोठली आणि खळ्ळकन खाली पडून तिचे तुकडे झाले. झाडूवाल्याने ते भरून नेले.

दोन्ही गोष्टी एकाच कॉफीबरोबर सांगितल्या, तिथे घोळ झाला. गुरुमूर्तीरावांनी शिंक खरी धरली आणि तारे खोटे. दुसऱ्या दिवशी कृष्णस्वामींच्या दुकानातून एका ताऱ्याचा एसी आला.

"अहो राव, एकच तारा?"

"म्हातारं माणूस आहे, गजेंद्रराव. पाच ताऱ्यांची थंडी अम्माला सोसायची नाही. आपण लहान मुलाला वाढताना सांबार फिकं करतो की नाही? तसा फिक्यातला फिका आणला."

एसी बसला. आतलं यंत्र सकवारबाईंच्या खोलीत, बाहेरचा मोठा पंखा त्यांच्याच बाल्कनीत. बटण दाबलं, खोली गार झाली, वसंताने टाळ्या वाजवल्या. सकवारबाई खाटेवर बसल्या, शाल ओढून घेतली, चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरे आहे. तिकीट कधीचे?"

मग त्या पान थुंकायला म्हणून बाल्कनीत गेल्या आणि आल्याच नाहीत. आम्ही धावलो. बाई त्या बाहेरच्या पंख्यासमोर उभ्या, लुगडं फडफडतंय, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर देवळात कापूर बघावा तसा आनंद.

"गुरुमूर्ती! अरे, हा तर मारुतीचा बाप! काय ऊन वारा टाकतो रे! आणि बाल्कनीस जाळी आहे, कावळा येणार नाही. वसंता, पीठ भिजव गे!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पंख्यासमोर घडीची खाट, खाटेवर वेष्टी, वेष्टीवर वडाम. दुपारपर्यंत खडखडीत. पुन्हा दुसरा घाणा. इमारतीतल्या बायका बघायला आल्या. सकवारबाई बाल्कनीत स्टुलावर, हातात उगीचच कावळे हाकलायची काठी, घामाने चिंब. वडामांवर नजर राहावी म्हणून खोलीचं दार सताड उघडं. आत एसी घुरघुरतोय, खाट गार, उशी गार, आणि ज्या बाईसाठी हे सगळं आणलं ती बाहेर गरम वाऱ्यात. गार खोलीचा उपयोग फक्त वसंताने केला. तिने तिथे इडलीचं पीठ ठेवलं, आणि ते आठवडा झाला तरी आंबायला तयार होईना.

गुरुमूर्तीराव सकाळी बँकेत जाताना जिन्याखालच्या मीटरकडे बघत. एके दिवशी ते तसेच परत वर आले.

"गजेंद्रराव, मीटरची चकती दिसतच नाही. इतकी फिरते की तिचा वाराच नुसता लागतो." (हे वाक्य त्यांचंच. माझ्या शेजारी राहून माणूस सुधारतो.) "फिका एसी एवढं कसं खातो?"

"चला तुमच्या स्वयंपाकघरात," मी म्हटलं, आणि वसंताकडून पितळेचे दोन कॉफी फिल्टर मागून घेतले. एक नवा, एक जुना, ज्याची भोकं बुजत आलेली. दोन्हींत सारखीच पूड, सारखंच पाणी. नव्याने खाली भरपूर काढा दिला. जुन्याचं पाणी वरच तुंबून राहिलं, तळाशी जेमतेम थेंब जमले.

"आता जुन्यातून नव्याएवढी कॉफी हवी असेल तर?"

"पूड जास्त घालावी लागेल," वसंता म्हणाली.

"झालं! पूड म्हणजे वीज, काढा म्हणजे थंडी. तारे कॉफी किती कडक ते सांगत नाहीत. एक चमचा पुडीत किती काढा निघतो, ते सांगतात. तुमच्या कागदावर ताऱ्यांखाली आकडा आहे ना, तो हाच. तुमचा अडीचच्याही खाली, आमचा तीनच्या वर."

गुरुमूर्तीराव कागद वाचायला गेले आणि परत आले ते कपाळाला हात लावून. "मग ही जास्तीची वीज जाते कुठे?"

"कुठे जाणार? तिचीही गरमीच होते. खोलीतली गरमी तर तो बाहेर टाकतोच, वर स्वतः खाल्लेल्या विजेची गरमी करून तीही टाकतो. म्हणून तर अम्मांचे वडाम दुपारीच खडखडतात."

त्यांनी तिथूनच फोन लावला. कृष्णस्वामी भला माणूस. म्हणाला, अजून नवा आहे, बदलून देतो, पाच ताऱ्यांचा न्या. बाल्कनीतल्या सकवारबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या काठी घेऊन दारात आल्या.

"नवीन यंत्र ऊन वारा कमी टाकेल, ऐसेच ना?"

"थोडा कमी, अम्मा. पण..."

"पोरुम! पुरे झाले. हे यंत्र ज्या गाडीत जाईल, त्याच गाडीत मजला बसव. वाटेत स्टेशनावर उतरव."

वसंताचा पदर पुन्हा डोळ्यांकडे गेला. गुरुमूर्तीराव माझ्याकडे बघू लागले, जणू एसीचा शोध मीच लावला होता. मी एखादी गोष्ट शोधत होतो, तेवढ्यात विद्युलता पुढे झाली. ती फारशी बोलत नाही. माझ्यामुळे तिला वेळच मिळत नाही.

"अम्मा, आमचा पाच ताऱ्यांचा आहे. उद्या अर्धे वडाम आमच्या पंख्यासमोर घाला. पीठ तुमचं, हात तुमचा. मग ठरवा."

सकवारबाईंनी तिला खालीवर पाहिलं. "सरि. घालते. हरशील गे तू."

दुसऱ्या दिवशी इमारतीत जे काही झालं ते क्रिकेटच्या सामन्याला लाजवणारं होतं. दोन बाल्कन्या, दोन खाटा, एकाच पातेल्यातलं पीठ. सकवारबाई दोन्ही घरांत फेऱ्या मारत होत्या. आमच्याकडे आल्या की एसीच्या खोलीत जरा टेकत, गुडघ्यावर हात ठेवत, आणि म्हणत, "थंडी तर आमच्याएवढीच आहे. मग गुरुमूर्ती काय फिके सांबार सांगत होता?" आणि पुन्हा उठत.

दुपार झाली. समोरचे वडाम खडखडले. आमचे अजून मऊ. सकवारबाईंनी एक उचलून विद्युलताच्या नाकासमोर धरला, तो लोंबला. "पाहिलेस? तुझे यंत्र आळशी आहे." समोरच्या घरात त्यांनी वसंताला ट्रंक काढायला सांगितली. वसंताने काढली, पण किल्ली सापडत नाही म्हणाली. किल्ली तिच्या कमरेला होती. ती मला दिसत होती, सकवारबाईंनाही दिसत होती.

आमचे वडाम वाळायला संध्याकाळ झाली. वसंताने कढई ठेवली; पंख्यापुढचे वडाम तोवर कोणी तळून पाहिलेच नव्हते. आधी सकवारबाईंचे टाकले. तेलात गेले, जरा अंग फुगवलं, मधेच अडखळले आणि तडकले. झाऱ्यावर तुकडे आले. सकवारबाई पुढे सरकल्या. दुसरा टाकला. तोही तसाच, पोटात कच्चा.

"तेल गार असेल," त्या म्हणाल्या.

तेल तेच होतं. मग आमचे पडले. एकेक वडाम असा फुलला, असा फुलला, की पहिल्यालाच कढई पुरेना. दुसरा फुलून कढईबाहेर आला, तिसरा खिडकीपर्यंत गेला, आणि चौथा... विद्युलता खाकरली म्हणून चौथ्याचं सांगत नाही. पण पांढरेशुभ्र, शेवंतीसारखे, एकही तुटला नाही.

सकवारबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. कुर्रर्र असा आवाज आला. त्यांनी डोळे मिटले.

"माझेच हात," त्या हळूच म्हणाल्या. "माझे यंत्र घाई करते. वरून वाळवते, पोटात ओले सोडते. गच्चीवर सकाळचे ऊन कसे असते, हळू चढणारे? तुझे यंत्र तैसे आहे." मग मोठ्याने, "गुरुमूर्ती! त्या कृष्णस्वामीला सांग, पाच ताऱ्यांचे आण! आणि वसंता, कमरेची ती किल्ली खाली ठेव, टोचेल."

वसंता हसली की रडली ते मला कळलं नाही. तिने सासूला मिठी मारली, तेव्हा झारा हातातच होता आणि तेल गुरुमूर्तीरावांच्या शर्टावर उडालं. तेही हसत होते.

नवा एसी आला. सकवारबाईंची खुर्ची आता आत, काचेच्या खिडकीपाशी. दार बंद, शाल खांद्यावर. वडाम घालायला वसंता बाल्कनीत, आणि आतून काठीने काचेवर टकटक करून हुकूम. चकती मीटरमध्ये पुन्हा दिसू लागली. पौर्णिमा आली आणि गेली, तिकिटाचं नाव कोणी काढलं नाही. उलट भाच्याचा फोन आला तेव्हा त्या ओरडून म्हणाल्या, "मी येत नाही. तूच ये. येथे आतून हिवाळा आहे आणि बाहेरून तंजावर!"

डबा आमच्याकडे सगळ्यांत आधी आला, आणि तो द्यायला सकवारबाई स्वतः आल्या. विद्युलताच्या हातात डबा ठेवला, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गजेंद्रा, त्या तुझ्या रंगाची शिंक गोठली, तो डबा किती ताऱ्यांचा होता?"

"तेव्हा तारे कुठे होते, अम्मा? धरा एकाचा."

"मग पाचाचा असता तरी शिंक तेवढीच गोठली असती. ना कमी, ना जास्त."

"तेवढीच."

"फक्त वीज कमी लागली असती," असं म्हणून त्यांनी गुरुमूर्तीरावांच्या दाराकडे काठी दाखवली. "हे माझ्या बँकेतल्या शहाण्यास आधी सांगायचे सोडून तू शिंक काय सांगत बसलास?"

आतून विद्युलता खाकरली. या वेळी मी गप्प बसलो, आणि वडाम खाल्ला.