क्लाउड निवडताना

“मॅडम, आवाज बसलाय तुमचा. वाफ घेतली का?”

सकाळपासून माझ्याशी बोललेला हा पहिला माणूस, आणि तोही क्लाउड विकणारा. मी म्हटलं, “वाफेचं राहू द्या. तुमच्याकडे ठेवलेला जुना एक्स-रे उघडायला एवढा वेळ का लागतो, ते सांगा आधी.”

तो हसला. छान हसायचा. सगळं फोनवरच, चेहरा काही मी कधी पाहिला नाही.

आमचं एक्स-रे केंद्र. तळघरातला जुना सर्व्हर धापा टाकायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी सगळे एक्स-रे क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या यंत्रांवर, ठेवायचं ठरवलं आणि तीन कंपन्या पारखायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्यातल्या दोन कंपन्यांची माणसं पोपटपंची करायची. हा मात्र विचारायचा, जेवलात का, घरी कोण कोण असतं. “मी आणि फ्रिज,” मी सांगितलं.

“बोलतो का फ्रिज?”

“घुरघुरतो.”

मग मी चाचणी लांबवतच नेली. कधी सुरक्षिततेची शंका, कधी कंपनी सोडायची झाली तर आपले एक्स-रे परत कसे मिळणार, याची चौकशी. उत्तरं मला पाठ झाली होती, तरी विचारायची. डॉक्टर वैतागले. “अहो, क्लाउड निवडताय की जावई?”

परवा एक आजोबा पडून आले. जुना एक्स-रे ताडून पाहायचा होता. चाचणीसाठी तेच एक्स-रे तिन्हीकडे चढवले होते, आणि मी सवयीनं ह्याच्याकडचा उघडायला घेतला. आजोबा टेबलावर कण्हत राहिले, पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एका पोपटाकडचा लावला, तो चुटकीसरशी उघडला.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना त्या पोपटाच्या कंपनीचं नाव सांगून टाकलं. मग ह्याला फोन लावला. एरवी नेहमी तोच करायचा.

“तुमचं नाही घेतलं,” मी म्हटलं. “उघडायला फार वेळ लागतो हो.”

“खरंय मॅडम, तिथे आम्ही कमी पडतो,” तो म्हणाला. जरा रागावला असता तर बरं वाटलं असतं मला.

अधूनमधून फोन करत जा, असं म्हणायचं होतं. जीभच रेटेना.

“तुमचा नंबर यादीतून काढून टाकतो,” तो आपुलकीनं म्हणाला. “म्हणजे आमच्याकडून कुणी उगाच त्रास देणार नाही तुम्हाला.”

“हो,” मी म्हटलं, “काढा.”